अंगठ्याचा दाब

विजूवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी कात्रजच्या पुढे, घाटाच्या अलीकडच्या उतारावर, गुडघाभर वाळक्या गवतात उभी होते आणि माझ्या हातात नाकतोड्यांची बरणी होती. फोन आमच्या खालच्या मजल्यावरच्या लेलेबाईंचा होता. "शैला, असशील तिथून निघ. विजूताई जिन्यात आहेत," त्या म्हणाल्या. मी विचारलं, जिन्यात कशा, पडल्या का? "पडल्या नाहीत गं. बसल्यात..." बसलेल्या माणसासाठी कुणी असा फोन करत नाही, हे समजायला मला एक क्षण लागला. रस्त्यावर येऊन मिळेल ती रिक्षा केली. शनिवार पेठेपर्यंत बरणी मांडीवर होती, तिच्या झाकणाला पाडलेल्या भोकांवर मी बोट दाबून धरलं होतं, आणि आतल्यांचा श्वास कोंडत असेल म्हणून ते पुन्हा काढत होते. इतकंच आठवतं. रडू आलं नाही. राग मात्र आला होता, की मी घरात नसताना ही बाई जिन्यात गेलीच कशाला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, निवृत्त होऊनही खूप काळ लोटला होता. लग्न केलं नाही. केलं नाही की झालं नाही, हा आमच्या घरातला आवडता वाद, पण एक गोष्ट सासूबाईंनी मला स्वतः सांगितली होती. मुलाकडची मंडळी बघायला आली होती, पोहे पुढे आले, आणि मुलाच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं की आपला संशोधनाचा विषय काय. माझे सासरे असल्या वेळी घाईघाईने "पिकांवरची कीड" असं सांगून मोकळे होत. त्या दिवशी त्यांना ठसका लागला आणि तेवढ्यात वन्संनीच उत्तर दिलं, "नाकतोड्याचे शुक्राणू." पुढे, समोरच्यांना ऐकू आलं नसेल अशा समजुतीने, ते कसे तयार होतात हेही त्यांनी सविस्तर सांगितलं. पोहे तसेच राहिले. मंडळी गेल्यावर सासूबाई रडायला लागल्या, तर वन्सं म्हणाल्या, "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. मला वाटलं, त्यांना रस आहे." त्या हे चेष्टेने म्हणाल्या की खरंच, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मला विचाराल तर खरंच.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी, मायक्रोस्कोप होता आणि त्याला मऊ मलमलीचा झगा शिवलेला होता. घरातल्या कुठल्याच माणसाला इतकं नीट झाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी टेलिफोन खात्यात नोकरीला, विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. एकदा मी थोडा कांदा परतायला टाकून उरलेला चिरत होते, वन्सं पाणी प्यायला आल्या आणि अर्धा कापलेला कांदा उचलून म्हणाल्या, हे बघ, पेशीत हे असं होतं. मग ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी मला सगळं समजावलं. नर नाकतोड्याच्या पोटात शुक्रपेशी आधी अगदी साधी, गोल असते. तिच्यात विखुरलेल्या तंतुकणिका एकमेकींत मिसळतात आणि केंद्रकाशेजारी त्यांचा एक गोळा बनतो, कापला तर आत कांद्यासारखे पदर. मग पेशी लांबायला लागते. तिला शेपूट फुटतं, तो गोळा उलगडत त्या शेपटीबरोबर लांब ताणला जातो. केंद्रक आक्रसत, घट्ट होत सुईसारखं होतं. आणि सगळ्यात शेवटी, आतापर्यंत जिच्या जिवावर हे सगळं चाललं ते पेशीद्रव्य खाली सरकत सरकत गळून पडतं. "आणि हे एकटीचं नाही चालत," त्या म्हणाल्या. एका पिशवीत कितीतरी पेशी असतात, त्यांच्यामध्ये बारीक पूल असतात, त्यामुळे एक बदलली की सगळ्या बदलतात, कुणाला पुढे जाता येत नाही आणि कुणाला मागे राहता येत नाही. ते पूल शेवटी तुटतात तेव्हा कुठे प्रत्येक जण सुटा होतो. मी म्हटलं, म्हणजे एकत्र कुटुंबच की. त्या म्हणाल्या, "पेशींना उगाच काही चिकटवू नकोस. कांदा करपतोय."

आमचे हे गेल्यावर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघी उरलो. मुलगा त्याच्या संसारात, परगावी. आणि मग एका सकाळी वन्संच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, म्हणजे टोमणे शाबूत राहिले, पण उजवा हात लुळा पडला आणि पाय ओढत चालावं लागे. घरात काठी धरून फिरत. जिना मात्र संपला. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, शहाबादी फरशीच्या उंच पायऱ्या, आणि वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते इतका तो अरुंद. दवाखान्यातून चौघांनी खुर्चीत घालून वर आणलं तेव्हा वन्संनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. वर आल्यावर म्हणाल्या की मी आता खाली जाणार नाही. ते त्या रागात बोलल्या असं मला वाटलं. वर्षं गेली, त्या खाली गेल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर मीही अडकले. भाजी आणायला गेले तरी जीव वर टांगलेला. मैत्रिणींची सहल, भाचीचं नागपूरचं लग्न, सगळ्याला नाही म्हणत गेले. दाराला बाहेरून कडी कुणी घातली नव्हती, तरी दोघी आतच. कधी कधी दुपारी वन्सं खिडकीत, मी पलंगावर, आणि दोघींच्या मधे पंख्याचा आवाज... त्या वेळी मला वाटायचं की ओरडावं. एकदा ओरडलेही. वन्संनी शांतपणे विचारलं, "झालं? आता एक काम कर. कात्रजला जा आणि नाकतोडे आण."

मी झुरळ पाहून खुर्चीवर चढणारी बाई. पण घराबाहेर पडायला कारण मिळालं होतं, तेही वन्संनीच दिलेलं, आणि मी गेले. पिठाची नायलॉनची जुनी चाळणी नेली, गवतात बसलेल्या किड्यावर ती पालथी घालायची अशी माझी युक्ती. पहिल्यांदा भरपूर मिळाले, मोठमोठाले बघून धरले होते. वन्संनी बरणी उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "शैला, तू महिला मंडळ घेऊन आलीस." मग कळलं की नर लहान असतो, आणि त्याच्या पोटाचं टोक होडीच्या नाकासारखं वर वळलेलं असतं. पुढच्या खेपेपासून मी चाळणीखालीच निवड करायला लागले. एकदा गुरं घेऊन चाललेल्या एका माणसाने विचारलं, "काय हुडकताय मावशी, पाला हाय का औषधाचा?" मी सांगितलं, नर नाकतोडे हवेत. त्याने गुरं जरा लांबून वळवली. पण मला ते दिवस आवडायचे. वारा असायचा, कुणी हाक मारायचं नाही, आणि परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा सहसा रिकामी राहायची.

घरी आल्यावर खरं काम. वन्संचा उजवा हात चालत नव्हता, तेव्हा हात माझे आणि डोळे त्यांचे. नाकतोडा आधी फ्रिजमध्ये गार करून निपचित करायचा, मग मिठाच्या पाण्यात त्याच्या पाठीकडून उभी चीर द्यायची, पिवळसर पुंजका अलगद काढायचा. त्यातली एक नळी स्लाइडवर, वर लाल रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिपची पातळ काच, तिच्यावर टिपकागदाची घडी. आणि मग अंगठा. सगळी विद्या त्या अंगठ्यात होती. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढून राहतात, काही दिसत नाही. जास्त झाला तर फाटतात, आणि मग जे दिसतं ते पेशीने केलेलं नसतं, आपण केलेलं असतं. वन्संचं तंत्र असं की त्या आपला डावा अंगठा माझ्या मनगटावर ठेवायच्या आणि तेवढाच दाब मी खाली द्यायचा. "पुरे" म्हणाल्या की उचलायचा. कडांना नेलपॉलिश लावून स्लाइड बंद करायची. आम्ही दोघींनी जन्मात नखं रंगवली नाहीत, पण घरात नेलपॉलिशची बाटली कधी संपली नाही.

आधी त्या बघायच्या, मग मला बघायला लावायच्या. पहिल्या दिवशी मी डोळा लावून उत्साहाने म्हटलं, दिसलं, काळे काळे लांब तंतू दिसले. वन्सं म्हणाल्या, "त्या तुझ्या पापण्या आहेत." पुढे जमलं. गोल पेशी ओळखू लागले, लांबलेल्या ओळखू लागले. त्यांना मात्र हवी असायची ती शेवटची अवस्था. तयार झालेल्या शुक्रपेशी लगेच सुट्या होत नाहीत. डोकी एका चिकट टोपीत रुतलेली, शेपट्या मागे मोकळ्या, अशी त्यांची जुडी असते, केरसुणीसारखी. त्या जुडीतून सुटी होणारी पेशी वन्संना बघायची असायची, आणि मिळायच्या त्या बहुतेक जुड्याच. काही तर पेशीद्रव्यच टाकत नाहीत, गाठोडं गळ्यात घेऊन तशाच अडकून राहतात. त्यांच्याकडे वन्सं फार वेळ बघत बसत. यातून नवीन काही सिद्ध होणार नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की लोक संध्याकाळी पर्वतीवर जाऊन बसतात, ते काय सिद्ध करायला जातात का.

मग बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, वन्संनीही केली. बिल्डरने तोपर्यंत राहायला भाड्याचे फ्लॅट घ्यायला सांगितले, आम्हाला हडपसरला एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर मिळाला. दिवाळी झाली की घरं रिकामी करायची. आणि शेवटचं घर रिकामं झाल्याशिवाय पाडकाम सुरू होणार नाही. एकेक घर निघायला लागलं आणि तो प्रश्न उरला, जो सगळे आधी हळू विचारत होते आणि मग उघड विचारू लागले. विजूताई खाली कशा येणार? सोसायटीची माणसं एकदा घरी आली. चेअरमन फार गोड बोलले. "काकू, तुम्ही नुसत्या खुर्चीत बसा. आमची पोरं अलगद उतरवतील, तुम्हाला कळणारही नाही." वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. दोनदा त्रास कशाला देऊ?"

चहाचे कप लगेच खाली ठेवले गेले. त्यांच्या पाठीमागे मी दार लावलं आणि वन्संवर चिडले. आख्खी बिल्डिंग तुमच्यामुळे खोळंबली आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो. एका पिशवीत आहोत ना." मी हात जोडले, शपथा घातल्या, डोळे पुसले. खुर्चीत नको तर पाठीवर घेऊ, स्ट्रेचर आणू, काय म्हणाल ते. सगळ्याला एकच उत्तर, की मी बघते. काय बघणार, ते सांगेनात. एकीकडे सामान बांधायचं काम चालूच होतं आणि त्या पलंगावर बसून सांगत होत्या, हे टाक, तेही टाक. पुस्तकं कॉलेजला दिली, साड्या वाटल्या. मी एकदा न राहवून म्हटलं की तुमच्या शुक्रपेशीसारखंच चाललंय, निघताना सगळं टाकून द्यायचं. त्या चिडल्या. पेशीला आपल्याला काही शिकवायचं नसतं, ती फक्त बदलते, असं म्हणाल्या. मग थोड्या वेळाने हळूच, "मायक्रोस्कोप टाकायचा नाही मात्र."

त्यानंतर त्यांनी एक विचित्र मागणी केली. सासूबाईंच्या वेळचं गोधडीचं बसकर होतं, ते बांधून टाकू नकोस, म्हणाल्या, पलंगावर टोचतं. मी ठेवलं. घर सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही एक स्लाइड केली. अंगठा माझा, त्यांचा हात माझ्या मनगटावर. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, मला मात्र बघायला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाल्या की अकराव्या मजल्यावर नाकतोडे कुठून येणार, तर आज शेवटचे आण. सामानाचा टेम्पो दुपारी यायचा होता. मी कुरकुर केली, आज का, म्हटलं, आज घरात शंभर कामं आहेत. "आजच," त्या म्हणाल्या. "आणि महिला मंडळ नको." मी हसले. दार ओढून घेताना त्या काठी टेकत मागच्या खोलीकडे निघालेल्या दिसल्या, ते माझं त्यांना जिवंत असताना शेवटचं पाहणं.

मी पोचले तेव्हा त्या पहिल्या मजल्याच्या खालच्या वळणावर बसलेल्या होत्या. खाली बसकर, पाठ भिंतीला, पदर नीट खोचलेला, पाय पुढच्या पायरीवर. तिथून खालचं दार दिसतं, आणि दाराबाहेरचा रस्ता. डोळे उघडे होते. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय थांबलं म्हणाले. मी बरणी घेऊन त्यांच्या शेजारी त्याच पायरीवर बसले. लेलेबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. मी म्हटलं, आज असं काय मनात आलं यांच्या. तेव्हा लेलेबाई म्हणाल्या, "आजचं नाही गं. रोज यायच्या. तू मंडईत गेलीस की बसून बसून उतरायच्या, एकेक पायरी, आणि तशाच उलट्या वर चढायच्या. आधी आमच्या मजल्यापर्यंत, मग आणखी खाली. मी म्हटलं, शैलाला सांगते. तर म्हणाल्या..." मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणाल्या, सांगू नका. ती हात धरायला येईल."

बसकर उचललं तर त्याची खालची बाजू झिजून आतली जुनी लुगडी बाहेर आली होती आणि फरशीची पांढुरकी धूळ तिच्यात मुरली होती. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्यांना सांभाळते आहे म्हणून अडकले आहे. आणि त्या माझ्या बाजाराच्या पिशवीची वाट बघत होत्या, की ही बाई कधी बाहेर पडते आणि मी कधी निघते. त्यांना पुन्हा वर नेलं नाही. उरलेल्या पायऱ्या चौघांनी उचलून उतरवलं. एकदाच.

आता मी हडपसरला अकराव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, बटण दाबलं की खाली, आणि तरी मी फारशी जात नाही. तिकडे बिल्डिंग पाडायला सुरुवात झाल्याचं कुणीतरी सांगितलं. बरणीतले नाकतोडे त्या धांदलीत कुणी सोडले की मेले, मला माहीत नाही, बरणी रिकामी परत आली. मायक्रोस्कोप मात्र मी टेम्पोत घातला नाही, मांडीवर घेऊन रिक्षातून आणला. त्यावर आमची शेवटची स्लाइड तशीच चिमट्यात होती. उत्तरेची खिडकी इथे नाही, पश्चिमेची आहे, तिच्यापाशी ठेवला. समोरच्या स्टुलावर ते झिजलेलं बसकर आहे. स्लाइड मी हलवलेली नाही, फोकसचं चाकही नाही. ते त्यांच्या डोळ्याला लावलेलं आहे, माझ्या डोळ्याला थोडं अंधुक दिसतं, पण दिसतं. रोज चहा झाला की मी मलमल काढते आणि बघते. मधोमध एक जुडी आहे, डोकी टोपीत रुतलेली. कितीतरी दिवस मी तीच बघत होते आणि मनात म्हणत होते की बघा, शेवटी अडकलेल्याच ठेवून गेलात माझ्यासाठी.

परवा ऊन जरा तिरपं आलं आणि कडेला, अगदी वर्तुळाच्या काठाशी, मला एक सुटी दिसली. बारीक, सरळ, एकटी. आधी वाटलं पापणी आहे. डोळे मिटले, पुन्हा उघडले, ती तिथेच होती. मी मोठ्याने म्हटलं, वन्सं, पापणी नाही, दिसली. आणि बोलून झाल्यावर लक्षात आलं की त्यांनी ती त्या दिवशीच पाहिली असणार, म्हणूनच इतका वेळ बघत बसल्या होत्या. पण ती आपली आपण सुटली, की माझा अंगठा जास्त पडला म्हणून जुडीतून तुटून निघाली, हे बघून सांगणारं माणूस या घरात आता नाही. स्लाइडच्या कडेने हवा आत शिरते आहे, रंग सुकत चालला आहे. मी मनगटावर हात ठेवून बघते, दाब किती होता ते आठवायला. त्या "पुरे" म्हणाल्या होत्या, एवढं नक्की आठवतं. मी लगेच उचलला होता का, ते आठवत नाही.